लोकांची कचेरी आणि पक्षाची थैली

(हिंगोली येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निजामाच्या राजवटीत दरबारात हजर होणाऱ्याला रिकाम्या हाताने जाता येत नसे. नजर द्यावी लागे. ती स्वखुशीची भेट समजली जाई; पण ती न देण्याची सोय मात्र कोणालाच नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि हिंगोली, वसमत, कळमनुरीचा हा मुलूख लोकशाही भारतात आला. दरबार गेला. त्याबरोबर नजरही गेली काय, हा आजच्या विषयाचा मूळ प्रश्न आहे.

आमदार, खासदार किंवा मंत्री जेव्हा पदामुळे मिळालेल्या खोलीत बसून, पदाचे नाव छापलेल्या कागदावर, पदाच्या टेलिफोनवरून पक्षासाठी पैसा मागतो, तेव्हा देणारा तो कोणाला देतो? पक्षाच्या विचाराला की पदाच्या वजनाला? व्यापारी, कंत्राटदार, कारखानदार यांना या प्रश्नाचे उत्तर पक्के ठाऊक असते. ज्याचे टेंडर उघडायचे आहे, ज्याचा परवाना अडला आहे, ज्याचे देयक थकले आहे, त्याच्यासमोर पक्षाचे पावती-पुस्तक ठेवले की तो ते पुस्तक वाचत नाही; ठेवणाऱ्याच्या खुर्चीकडे पाहतो. म्हणून अशा देणगीला देणगी म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. तो कायद्यावाचून बसविलेला कर आहे, आणि जुन्या भाषेत बोलायचे तर नजराणा आहे.

राजकीय पक्षाला पैसा लागतो, याविषयी वाद नाही. पत्रके छापावी लागतात, पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन द्यावे लागते, खेड्यापाड्यांतून फिरावे लागते. पैशाशिवाय पक्ष चालेल असे म्हणणारा एक तर भाबडा असतो किंवा त्याचा खर्च दुसरे कोणी करीत असते. प्रश्न एवढाच आहे की हा पैसा कोणत्या जागेत, कोणत्या अधिकाराच्या सावलीत गोळा केला जातो.

सुविधा कोणाच्या?

लोकप्रतिनिधीला राज्य बऱ्याच गोष्टी देते. मुंबईत आमदार निवासात खोली मिळते, प्रवासाची सवलत मिळते, टेलिफोनचा भत्ता मिळतो, स्वीय सहायकाचा खर्च मिळतो. विधानभवनात पक्षांना कार्यालये दिलेली असतात. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी शासकीय विश्रामगृहाचे दार त्याच्यासाठी उघडते. या सुविधा देण्यामागे एक लोकशाही तत्त्व आहे. ते नसते तर फक्त श्रीमंतांनाच लोकप्रतिनिधी होणे परवडले असते, आणि सेनगाव तालुक्यातील शेतमजुराच्या मुलाने विधानसभेत बसण्याची कल्पनाही केली नसती. प्रतिनिधित्वाच्या कामासाठी मानधन आणि साधने असावीत ही मागणी जगभरच्या कामगार चळवळींनी लढून मिळविलेली आहे. समाजवाद्यांनी तिचा अभिमान बाळगला पाहिजे.

पण याच कारणासाठी त्या साधनांचा पक्षनिधीकरिता होणारा वापर समाजवाद्यांना अधिक खटकला पाहिजे. वसमतच्या बाजारात हळद विकणारा शेतकरी काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. त्याने निवडून आलेल्या आमदाराला मत दिलेले असेल किंवा त्याच्या विरोधात दिलेले असेल. विश्रामगृहाची खोली दोन्ही मतदारांच्या पैशातून बांधलेली आहे. त्या खोलीत एका पक्षाची थैली भरली जाते तेव्हा विरोधी मतदाराच्या पैशावर त्याच्याच विरोधातील पक्ष पोसला जातो.

इतर लोकशाही देशांनी हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या भोजनगृहांत पक्षनिधीसाठी मेजवान्या देण्यास मनाई आहे. खासदारांना पुरविले जाणारे छापील कागद आणि टपालखर्च आधीच भरलेले लिफाफे पक्षाच्या निधिसंकलनाला वापरता येत नाहीत. २००७ साली त्या वेळचे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमरन यांनी पक्षाच्या मोठ्या देणगीदारांची आपल्या संसदीय कार्यालयात सरबराई केल्याची तक्रार झाली. संसदेच्या आचार-आयुक्तांनी तो नियमभंग ठरविला आणि कॅमरन यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पैसा चोरीला गेला नव्हता, लाच दिली गेली नव्हती. खोली चुकीच्या कामाला वापरली गेली, एवढाच दोष होता. तेवढाही तेथे दोष मानला गेला.

अमेरिकेत १८८३ च्या पेंडलटन कायद्याने सरकारी कचेऱ्यांत राजकीय वर्गणी मागण्यास बंदी घातली. त्यापूर्वी सरकारी नोकरांच्या पगारातून सत्ताधारी पक्षाची वर्गणी सर्रास कापली जात असे. या कायद्यालाही शंभर वर्षांनंतर फट सापडली. १९९६ च्या निवडणुकीसाठी उपाध्यक्ष अल गोर यांनी व्हाइट हाउसमधील कार्यालयातून देणगीदारांना टेलिफोन केल्याचे उघडकीस आले, तेव्हा असे करण्यास मनाई करणारा कायदाच लागू नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. स्वतंत्र तपास झाला नाही. नियम लिहिलेला असला तरी त्याचा अर्थ सत्ताधाऱ्याच्या सोयीने लावता येतो, हा त्यातील बोध आहे.

सिमेंटचा धडा

महाराष्ट्राला मात्र परदेशी उदाहरणांची गरज नाही. १९८० साली बॅ. अब्दुल रहमान अंतुले राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास स्थापन झाला. साहित्यिक आणि कलावंतांना साहाय्य करावे असा त्याचा जाहीर हेतू होता. त्या काळी सिमेंट टंचाईचे होते, त्यावर सरकारी नियंत्रण होते, आणि बांधकाम व्यावसायिकाला सिमेंटचा कोटा मिळणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी या न्यासाच्या देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले. समाजवादी कार्यकर्ते प्रा. प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला. सिमेंटचे वाटप आणि न्यासाच्या देणग्या यांचा संबंध त्यांनी मान्य केला. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजू मराठवाड्याला अधिक जवळची आहे. पुढे चाललेल्या फौजदारी खटल्यातील आरोपांत सहकारी साखर कारखान्यांकडून मिळालेल्या देणग्यांचाही भाग होता. बांधकाम व्यावसायिकाने दिलेली रक्कम तो घर घेणाऱ्याकडून वसूल करतो. सहकारी कारखान्याने दिलेली रक्कम ऊस घालणाऱ्या सभासदाच्या भावातून जाते. पूर्णेच्या काठी पाण्याच्या पाळीची वाट पाहत उसात रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारीत नाही की, बाबा, कोणाच्या नावाच्या न्यासाला तुझा पैसा द्यावा? कारखान्याच्या संचालक मंडळाचे कर्ज, हमी, परवाने ज्या मंत्रालयाच्या हाती, त्या मंत्रालयाच्या प्रमुखाने मागितलेली देणगी नाकारण्याची ताकद कोणत्या संचालक मंडळात असते?

या प्रकरणाचा शेवटही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आमदार हा भारतीय दंडविधानाच्या कलम २१ खाली ‘लोकसेवक’ ठरत नाही असा निर्णय दिला. त्यामुळे खटल्यासाठी पूर्वपरवानगीची अडचण दूर झाली हे खरे. पण लोकांच्या पैशावर लोकांचे काम करणारा माणूस कायद्याच्या लेखी लोकांचा सेवक नाही, ही विसंगतीही उघडी पडली. १९८८ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा आधीचा आदेशच रद्द केला. वर्षे लोटली, कोणालाही शिक्षा झाली नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या व्यापक केली आणि १९९८ च्या निकालाने खासदार-आमदार तिच्या कक्षेत आले.

सिमेंट प्रकरणानंतर लगेच, फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले. तेव्हापासून उजव्या मंडळींनी एक पाठ घोकला आहे की, नियंत्रण नसते तर भ्रष्टाचार झालाच नसता. हा युक्तिवाद तपासला पाहिजे. टंचाईच्या वस्तूचे न्याय्य वाटप करणे हे सरकारचे कर्तव्यच होते. दोष होता तो वाटपाची यादी बंद दाराआड करण्याचा, आणि यादी करणाऱ्या हातातच देणगीचे पुस्तक असण्याचा. नियंत्रणे उठून चाळीस वर्षे झाली. सिमेंटचा कोटा गेला. भूखंडाचे आरक्षण, वाळूचा घाट, रस्त्याचे कंत्राट आले. देणगीचे पुस्तक तेथेच आहे.

कायदा कोठे थांबतो?

आपल्या देशात या विषयावर कायदा नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ च्या सातव्या उपकलमाने उमेदवाराने सरकारी नोकराचे साहाय्य घेणे हा भ्रष्ट आचार ठरविला आहे. याच कलमाखाली संयुक्त समाजवादी पक्षाचे राजनारायण यांनी रायबरेलीच्या १९७१ च्या निवडणुकीला आव्हान दिले आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवड रद्द केली. सभेचे व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, विजेची सोय यांसाठी सरकारी अधिकारी राबले आणि सरकारी सेवेत असलेल्या यशपाल कपूर यांनी निवडणुकीचे काम केले, ही त्याची कारणे होती. ही कारणे क्षुल्लक होती असे म्हणणारे तेव्हाही होते. एका व्यासपीठासाठी पंतप्रधान पाडायचा काय, असे ते विचारीत. परंतु सरकारचा सुतार आणि पक्षाचा सुतार यांतील भेद पुसला गेला की सरकारचा खजिना आणि पक्षाचा खजिना यांतील भेद टिकत नाही, हे न्यायाधीशांनी ओळखले होते.

त्यानंतर सत्तेने आपले वर्तन बदलले नाही, कायदा बदलला. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती झाली. अधिकारपदाचे कर्तव्य म्हणून सरकारी नोकराने केलेली व्यवस्था हे साहाय्य मानू नये, असे परंतुक जोडले गेले. त्या दुरुस्तीच्या आधारे ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड वैध ठरविली. याआधीही असेच घडले होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरावा असे म्हटले. काही आठवड्यांतच तो निर्णय निष्प्रभ करणारे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडण्यात आले. आजही उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला नाही.

आदर्श आचारसंहिता सांगते की विश्रामगृहे सत्ताधारी पक्षाने अडवून ठेवू नयेत, ती प्रचारकार्यालय म्हणून वापरू नयेत. नियम चांगला आहे. पण तो निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंतच जिवंत असतो. पाच वर्षांपैकी उरलेला सारा काळ तो झोपलेला असतो, आणि थैली भरण्याचा हंगाम नेमका तोच असतो.

कंपन्यांच्या देणग्यांची कथाही या चक्राबाहेरची नाही. १९५७ साली टाटा लोखंड कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी कंपनीला परवानगी दिली, पण अशा देणग्यांत लोकशाहीला धोका आहे असा इशारा संसदेला दिला. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. १९८५ साली ती उठली आणि नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली. २०१७ साली मर्यादाच काढून टाकली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे विकण्यात आले. एक हजारापासून एक कोटीपर्यंतच्या किमतीचे हे रोखे स्टेट बँकेच्या देशभरातील मोजक्या २९ शाखांत मिळत. हिंगोलीच्या हमालाला पक्षाला शंभर रुपये द्यायचे असतील तर त्याच्यासाठी ती योजना नव्हती. देणारा कोण हे मतदारापासून लपविण्याची कायदेशीर व्यवस्था उभी राहिली. सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यानंतर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, हे त्या निकालाचे सार आहे.

विश्रामगृहाची खोली

सर्वांत ताजे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर गेली. ही समिती सरकारी खर्चाची छाननी करते. ती सभागृहाचा डोळा आहे. दौऱ्याच्या वेळी माजी आमदार अनिल गोटे यांनी तेथील शासकीय विश्रामगृहातील एका खोलीबाहेर ठाण मांडले. खोली उघडली तेव्हा सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड आढळली. खोली समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावे असल्याचे सांगण्यात आले. अध्यक्षांनी आरोप नाकारले. मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथक नेमण्याचे जाहीर केले.

तो पैसा कोणाचा होता आणि कोणासाठी होता, हे ठरविणे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. सभेच्या व्यासपीठावरून कोणाला दोषी ठरविण्याचा हक्क कोणालाही नाही. पण विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट पुरेशी स्पष्ट आहे. विधिमंडळाची समिती, शासकीय विश्रामगृह आणि मोजता मोजता रात्र होणारी रोकड या तीन गोष्टी एका ठिकाणी येऊ शकतात, आणि त्या येऊ नयेत म्हणून आधीपासून उभी असलेली भिंत कोठेच दिसत नाही. राज्यसभेने १९९७ साली नीतिमत्ता समिती नेमली आणि पुढे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही सुरू केली. लोकसभेने २००० साली तशी समिती नेमली. १९५१ साली मुंबई बुलियन असोसिएशनकडून लाभ घेऊन संसदेत प्रश्न मांडणाऱ्या हु. गो. मुद्गल यांच्यावर कारवाई व्हावी असा आग्रह पंतप्रधान नेहरूंनी धरला होता; मुद्गल त्यांच्याच पक्षाचे होते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे अकरा खासदार संसदेने घालविले. सभागृहाने मनावर घेतले तर ते आपले घर झाडू शकते.

कोणते नियम हवेत?

मागणी मोघम असली की तिचे आश्वासन होते. म्हणून ती नेमकी मांडली पाहिजे. विधिमंडळाच्या इमारती, आमदार निवास, विश्रामगृहे, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची दालने यांत पक्षनिधी मागणे, स्वीकारणे वा मोजणे बारमाही निषिद्ध व्हावे. पदाचे नाव असलेला कागद, टेलिफोन आणि राज्याच्या पैशातून वेतन घेणारा सहायक या कामाला लावता येऊ नये. ज्याचे प्रकरण एखाद्या मंत्र्यापुढे वा समितीपुढे आहे, त्याच्याकडून त्या मंत्र्याच्या वा समिती-सदस्यांच्या पक्षाने त्या काळात देणगी घेऊ नये. आमदारांच्या हितसंबंधांची नोंदवही नागरिकाला पाहता यावी. आणि तक्रारींची चौकशी करणारा आयुक्त सभागृहातील बहुमताच्या कृपेवर अवलंबून नसावा.

यावर एक आक्षेप आपल्याच गोटातून येईल. मोठ्या पक्षांकडे कारखाने आहेत, बिल्डर आहेत. लहान पक्षाच्या एकुलत्या एका आमदाराने विश्रामगृहात चार व्यापाऱ्यांना बोलावले तर आकाश कोसळते काय? आकाश कोसळत नाही. पण त्या चार व्यापाऱ्यांना कळते की हा पक्षही त्याच दुकानाचा आहे, फक्त भाव कमी आहे. शिवाय पदाच्या वजनाने पैसा काढण्याच्या शर्यतीत लहान पक्ष कधीच जिंकत नाही; ज्याचे पद मोठे त्याची थैली मोठी. ही शर्यत बंद होण्यात सर्वाधिक हित गरिबांच्या पक्षाचेच आहे.

१९७७ साली हिंगोली हा लोकसभेचा मतदारसंघ म्हणून प्रथम लढला गेला आणि जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील निवडून आले. त्या निवडणुकीत जनता पक्षाच्या सभांना देशभर लोक आले ते मताबरोबर नोट देण्यासाठी. पसरलेल्या उपरण्यावर रुपया टाकणाऱ्याला कोटा नको होता, परवाना नको होता. पक्षाने आपले ऐकावे एवढाच त्याचा हक्क त्या रुपयाने निर्माण झाला. पक्षनिधीची खरी कसोटी हीच आहे: देणाऱ्याने पक्षाला विचारावे, पण सरकारकडून काही मागू नये.

कार्यकर्त्यांनी ही कसोटी प्रथम स्वतःला लावावी. समाजवाद्यांच्या हातीही शिक्षणसंस्था आहेत, पतसंस्था आहेत. मुख्याध्यापकाच्या टेबलावर पक्षाचे पावती-पुस्तक ठेवले गेले आणि शिक्षकांनी मुकाट्याने नावे लिहिली, तर तो शिक्षक विचाराने देत नाही, नोकरीने देतो. तोही नजराणाच आहे. कायद्याने वीस हजारांवरील देणगीदारांचीच नावे आयोगाला कळवावी लागतात. तालुका शाखेने दहा रुपयांपासूनची प्रत्येक पावती वहीत नोंदवावी आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. ज्यांना वही तपासायची असेल त्यांनी, मग ते विरोधी पक्षाचे असोत, खुशाल तपासावी.

आणि ही वही तयार झाल्यावर कार्यकर्त्यांनी आपल्या मतदारसंघातील प्रत्येक आमदाराकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, एक लेखी प्रश्न घेऊन जावे: आपल्या पक्षाचा निधी कोणत्या जागेत जमा होतो? उत्तर मिळेल किंवा मिळणार नाही. प्रश्न मात्र दर अधिवेशनापूर्वी, पाचही तालुक्यांतून गेला पाहिजे. आपली वही चावडीवर उघडी असेल तर तो विचारण्याचा अधिकार कोणी नाकारू शकणार नाही.